बॉन्डाय आइसबर्ग्ज (सिडनी): हिवाळ्यात समुद्राच्या तलावात पोहण्याबद्दल माहिती हवी

टाकीवाला

सध्या पुण्यात आहे, जूनच्या सुरुवातीपासून दीड वर्ष सिडनीत मुक्काम असेल, राहायला बॉन्डाय जंक्शनच्या जवळ. सराव रोज दीड किलोमीटर फ्रीस्टाइलचा, पण सगळा टाकीतला आणि २६-२८ अंशांच्या पाण्यातला. बॉन्डायच्या कातळावर आइसबर्ग्ज क्लबचा समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे आणि तिथे भर थंडीत शर्यती होतात, एवढंच ठाऊक आहे. जाणकारांनी पुढचं सांगावं:

सभासद होता येतं का, की नुसतं तिकीट काढून पोहायचं? सौ.सुद्धा पोहते, बायकांना घेतात का? पाणी नक्की किती थंड असतं? तलावात बर्फाच्या लाद्या टाकतात म्हणे, खरं का? वेटसूट (ऊब धरणारा रबरी पोशाख) घ्यावा का? आणि लाटा भिंतीवरून आत कोसळतानाचे फोटो पाहिलेत, त्या वेळी लोक आत काय करतात?

पाणकावळा

आधी सभासदत्वाचं, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

क्लब १९२९ सालचा. उन्हाळाभर किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून उभे राहणाऱ्या मंडळींना हिवाळ्यात अंग गंजू द्यायचं नव्हतं, म्हणून काढलेला. तिकडचा हिवाळा उलटा, तेव्हा हंगाम मे ते सप्टेंबर. मेच्या पहिल्या रविवारी सुरू होतो आणि दर रविवारी शर्यती. पोहणारा पक्का सभासद व्हायचं तर नियम असा: चारपैकी तीन रविवार पोहायचं, आणि असं सलग पाच वर्षं. एकूण ७५ रविवार. म्हणजे हंगामाला १५. हंगामात रविवार वीस-एकवीस येतात, तेव्हा लग्नकार्य, आजारपण आणि भारतवारी मिळून पाच-सहाच खाडे परवडतात. अट वेगाची नाही, हजेरीची. हळू पोहणाऱ्याला कुणी हाकलत नाही, न येणाऱ्याचं नाव मात्र गळतं.

तुमचं गणित मांडू. जूनमध्ये आलात तर पहिल्या हंगामाचा मे गेलेला, पुढच्या वर्षीचा हंगाम पूर्ण मिळेल. दोन्ही मिळून फार तर पस्तीस-अडतीस रविवार, आणि पाच वर्षांची अट तर बाजूलाच राहिली. तेव्हा ७५ चा नाद सोडा. तलाव मात्र सगळ्यांना खुला आहे, दारावर तिकीट काढायचं आणि उतरायचं, सॉना (गरम हवेची खोली) त्याच तिकिटात. गुरुवार सोडून. गुरुवारी तलाव रिकामा करून घासतात.

वहिनींसाठी: स्थापनेपासून साठ-पासष्ट वर्षं क्लब फक्त पुरुषांचा होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते बदललं. आता अडचण नाही.

अर्धवटराव

बर्फाच्या लाद्या टाकतात म्हणजे पाणी ५-६ अंशांवर असणार. अंगाला तेल चोपडून जा, आमच्याकडे खाडी पोहणारे तेच करतात.

कातळकोंड

राव, दोन्ही चूक.

बर्फ टाकतात हे खरं, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी, सोहळा म्हणून. माणसं लाद्यांसकट पाण्यात उड्या घेतात, फोटो निघतात, झालं. हिशेब करा. तलाव ५० मीटर लांब. रुंदी १८ मीटर आणि सरासरी खोली दीड मीटर धरा (माझा अंदाज, कमीजास्त असेल), म्हणजे साडेतेराशे घनमीटर पाणी. त्यात टनभर बर्फ अख्खा विरघळला तरी पारा अंशाच्या दहाव्या भागाइतकाही उतरत नाही.

गंमत अशी की ज्या दिवशी बर्फ टाकतात तो दिवस पाण्याच्या दृष्टीने हंगामातला सर्वांत उबदार. समुद्र हवेच्या मागून चालतो. सिडनीचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये २३ च्या आसपास असतं, मेच्या सुरुवातीला अजून २० ला टेकलेलं असतं, आणि तळ गाठतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, १७ च्या जवळपास. हवेचा कडाका मात्र जुलैत, पहाटे ८ अंश आणि दुपारी १७. म्हणजे जुलैच्या सकाळी पाणी हवेपेक्षा कोमट लागतं आणि बाहेर आल्यावर पश्चिमेचा वारा सालटं काढतो. सप्टेंबरात ऊन छान पडलेलं असतं, माणूस गाफील राहतो आणि पाणी फसवतं. शिवाय तलावातलं पाणी उथळ आणि बंदिस्त. निरभ्र रात्रीनंतर, लाटा आत येत नसतील तर ते बाहेरच्या समुद्राहून अंशभर खाली जातं.

१७ अंश ऐकायला काही वाटत नाही. पण तुमची टाकी २७ ची आहे, आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या पंचवीसपट वेगाने ओढतं.

तेलाने ऊब राहत नाही. इंग्लिश चॅनेल पोहणारे ग्रीस लावतात ते काखेत, मानेला, मांड्यांत, कातडी घासून सोलू नये म्हणून. तलावात तेलकट अंगाने उतरू नका, शेजारच्या लेनमधला शिव्या घालेल.

वेटसूट: एरवी पोहताना घाला, कुणी अडवत नाही. हिवाळी क्लबांच्या शर्यती मात्र साध्या पोहण्याच्या कपड्यांत. माझं मत विचाराल तर १७-१८ ला अर्ध्या तासाच्या आत पोहणार असाल तर घेऊ नका. त्या पैशात एक चांगला लांब, आतून टॉवेलचं कापड असलेला झगा घ्या, तो जास्त कामाला येईल. टोपी सिलिकॉनची, पातळ लॅटेक्सची नको.

शुद्धसैंधव

पाण्यात उतरायचं कसं हे कुणीच लिहिलं नाही, आणि चुका तिथेच होतात.

थंड पाण्याचा पहिला धोका गारठून जाण्याचा नाही, श्वासाचा आहे. कातडी एकदम गार झाली की छाती आपोआप जोरात श्वास ओढते. एका धापेत दीड-दोन लिटर हवा आत जाते. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी. एरवी मिनिटभर श्वास धरणाऱ्यालाही अशा पाण्यात दहा-पंधरा सेकंद जड जातात. ही धाप पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. म्हणून पहिले पंधरा दिवस सूर मारून उतरायचं नाही.

पायऱ्यांनी कमरेपर्यंत या. मनगटं आणि मान भिजवा, तोंडावर पाणी मारा. मग खांद्यापर्यंत, कठडा हाताशी ठेवून. लक्ष श्वास सोडण्यावर ठेवा, घेणं आपोआप होतं. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं की तोंड पाण्यात घाला, त्याआधी नाही. पहिले ५० मीटर डोकं वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक, नंतर फ्रीस्टाइल. फ्रीस्टाइलला नेहमी दर तीन हात मारून श्वास घेत असाल तर सुरुवातीला दर दोन हातांना घ्या.

शरीर हे लवकर शिकतं. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्या वेगवेगळ्या दिवशी झाल्या की धाप जवळजवळ निम्म्यावर येते, आणि ही सवय काही महिने टिकते. जूनमध्ये पोहोचताय, पाणी १९ च्या आसपास असेल. पहिला आठवडा एक दिवसाआड ५ ते ८ मिनिटं, मग दर खेपेला दोन-तीन मिनिटं वाढवा. जुलै अखेर वीस-पंचवीस मिनिटं सहज होतील. पुण्यात असतानाच आंघोळीचा शेवट गार पाण्याने करायला लागा. हे समुद्राच्या तोडीचं नाही, पण श्वास आवरायची सवय होते.

बाहेर कधी पडायचं? घड्याळापेक्षा हाताकडे बघा. बोटं फाकायला लागतात आणि करंगळी अनामिकेजवळ आणता येत नाही. हाताचा वल्ह्यासारखा पंजा मोडला की ती लांबी शेवटची. कुडकुडणं पाण्यातच सुरू झालं तर लांबी पूर्ण करायचीही वाट बघू नका.

खरी हुडहुडी बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी भरते. हातापायांतलं गार रक्त परत आत फिरतं आणि धडाचं तापमान पाणी सोडल्यावरही थोडा वेळ उतरत राहतं. म्हणून क्रम चुकवू नका. ओला पोशाख आधी काढायचा, अंग टिपायचं (घासायचं नाही), कोरडी लोकरी टोपी, मग वरचे कपडे, मग पायमोजे. बटणांचा शर्ट नेऊ नका, बोटं बधिर असताना बटणं लागत नाहीत. डोक्यावरून घालायचं काहीतरी न्या. थर्मासमध्ये गोड चहा.

कडकडीत पाण्याच्या शॉवरखाली लगेच उभं राहू नका. कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब घसरतो आणि ओल्या फरशीवर माणूस कोसळतो. सॉनाचंही तेच. कुडकुडणं थांबल्यावर जा, खालच्या फळीवर बसा, आठ-दहा मिनिटं पुरे. वरच्या मजल्यावर बार आहे. बिअर प्यायची ती अंग पूर्ण तापल्यावर, आधी नाही. गाडी चालवायची असेल तर अर्धा तास थांबा.

रक्तदाब, हृदयाची धडधड, दमा, थंडीत बोटं पांढरी पडणं, यातलं काही असेल किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा. थंडीची धाप हृदयाचे ठोके वाढवते आणि गार पाण्यात तोंड घातलं की शरीर तेच ठोके कमी करायला बघतं. दोन्ही हुकूम एकदम आले की ठोका चुकू शकतो. सूर मारू नका याचं दुसरं कारण हेच.

टाकीवाला

शुद्धसैंधव, सविस्तर उत्तराबद्दल आभार, करंगळीचं ध्यानात ठेवतो. लाटांचं आणि तलाव कसा भरतो त्याचं कुणी सांगेल का? आणि वेगाची अट नाही म्हणता, मग शर्यतीत हळू पोहणाऱ्याचं काय होतं?

रापण

तलावाचं मी सांगतो.

सिडनीच्या किनाऱ्याला वालुकाश्माचे सपाट कातळ समुद्रात शिरलेले आहेत, भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीला. त्या कातळाच्या खाचेला समुद्राच्या बाजूने भिंत घातली की तलाव तयार. बॉन्डायच्या दक्षिण टोकाला हे स्नानाचं ठिकाण १९ व्या शतकाच्या शेवटापासून आहे, क्लबच्याही आधीचं. भिंत मुद्दाम ठेंगणी ठेवतात, कारण लाट आत आली तरच पाणी बदलतं. घासून झाल्यावर असे तलाव पुन्हा भरायच्या दोन पद्धती आहेत, भरतीला झडप उघडायची किंवा पंप लावायचा.

असं मुंबईत का नाही, हे इथे दर वर्षी कुणीतरी विचारतं. आपल्याकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या घरात चढतं-उतरतं, सिडनीत मोठ्यातल्या मोठ्या उधाणालाही दोन मीटरच्या आसपास. दोन मीटरसाठी कमरेएवढी भिंत पुरते. पाच मीटरसाठी धक्काच बांधावा लागेल, ओहोटीला तलाव समुद्रापासून तुटणार आणि भरतीला बुडणार. वर गाळ आणि सांडपाणी आहेच.

भरतीची वेळ: आपलं तिथीच्या पाऊणपटीचं गणित तिथेही चालतं, फक्त आरंभ वेगळा धरायचा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते, सिडनीत साधारण साडेआठ-नऊला. तेव्हा तिथीची पाऊणपट करून त्यात नऊ तास मिळवा. षष्ठीला साडेचार तास अधिक नऊ, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास, आणि तशीच पहाटे एकच्या आसपास. ढोबळ आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतं, छापील वेळापत्रक बघाच. पण रविवार अष्टमीजवळ आला की भांगाचं (कमी चढ-उताराचं) पाणी आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास, हे घरबसल्या कळतं. तिथल्या हिवाळ्यात उधाणाची मोठी भरती रात्रीची असते, सकाळची त्या मानाने लहान, हे पोहणाऱ्यांच्या पथ्यावर पडतं.

आता लाटा. दक्षिणेचा फुगारा (दुरून येणाऱ्या मोठ्या लाटा) आला की त्या भिंतीवर आपटून आत कोसळतात, आणि भरती जोडीला असेल तर तलाव खदखदतो. फार झालं तर तलाव बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. मध्यम लाटांत पोहताना:

भिंतीकडची लेन सोडा, जमिनीकडच्या दोन-तीन लेनमध्ये पोहा. श्वास समुद्राच्या उलट बाजूला घ्या. दोन्हीकडून श्वास घेता येत नसेल तर जाताना लाट तोंडावर आणि येताना पाठीवर, हे धरून चाला. भिंतीवरून पांढरं पाणी येताना दिसलं तर भिंतीपासून दूर, तलावाच्या मध्याकडे सरा, श्वास घेऊन डोकं खाली घाला आणि फेस डोक्यावरून जाऊ द्या. लेनच्या दोराला किंवा भिंतीच्या साखळीला लटकून राहणं ही नवख्याची खोड. लाट खांदा उपटते, आणि भिंतीला शिंपले-कालवं चिकटलेली असतात, पाठ सोलून निघते. भिंतीवर फोटोसाठी उभं राहणं तर नकोच. आत येणारी लाट ढकलते तशी परत फिरणारी बाहेर ओढते.

शेवाळ हा दुसरा वैरी. मंगळवार-बुधवारी पायऱ्या सर्वांत निसरड्या असतात, कारण घासणं गुरुवारी. शुक्रवारची सकाळ उत्तम, तळ ताजा घासलेला आणि पाणी नितळ.

मुसळधार पाऊस झाला तर एक दिवस जाऊ नका. रस्त्यावरचं पाणी गटारांतून थेट समुद्रात येतं.

पाणकावळा

शर्यतीचं उत्तर: हँडिकॅप.

प्रत्येकाची त्या अंतराची वेळ वहीत असते. सर्वांत हळू पोहणारा आधी सुटतो, वेगवान शेवटी. सुरुवात करणारा सेकंद मोठ्याने मोजत असतो आणि आपला आकडा आला की उडी. ५० मीटरचं उदाहरण घ्या. एकाला ६० सेकंद लागतात, दुसऱ्याला ४५, तिसऱ्याला ३२. पहिला शून्यावर सुटतो, दुसरा १५ वर, तिसरा २८ वर. सगळ्यांनी आपापल्या वेळेत पोहलं तर तिघांचे हात भिंतीला एकदम लागतात. जिंकतो तो, ज्याने स्वतःच्या जुन्या वेळेला किंचित मागे टाकलं. सत्तरीचे आजोबा पंचविशीच्या पोराला हरवतात ते असे, आणि कुणी दया दाखवलेली नसते.

मग कुणी मुद्दाम हळू पोहून वेळ वाढवून ठेवील आणि ऐन शर्यतीत सुसाट सुटेल, ही शंका रास्त आहे. त्यावर तोड म्हणजे नोंदलेल्या वेळेपेक्षा फारच लवकर आलात तर तो विजय धरत नाहीत आणि पुढच्या खेपेला तुमची वेळ कापली जाते. एक व्यावहारिक गोष्ट: तुमची टाकीतली वेळ इथे सांगू नका. खाऱ्या पाण्यात अंग वर तरंगतं, पाय बुडत नाहीत, त्याने सेकंद वाचतो, पण गार स्नायू आणि खदखदीत पाणी त्याहून जास्त खातात. पहिल्या दोन-तीन खेपांत जी येईल ती खरी वेळ.

कातळकोंड

दोन गोष्टी राहिल्या.

कान. वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा लागला की कानाच्या नळीतलं हाड वाढून नळी अरुंद होते, मग पाणी आत अडकतं आणि कान सारखा पिकतो. लाटांवर फळीने घसरणाऱ्यांना हे हमखास होतं, हिवाळी पोहणाऱ्यांनाही. वाढलेलं हाड आपोआप मागे जात नाही. सिलिकॉनचे मऊ बोळे पहिल्या दिवसापासून वापरा. दुसरा फायदा, कानात गार पाणी गेल्यावर येणारी भोवळ टळते.

निळ्या फुग्यांचे जीव, ब्लूबॉटल. जुहूला पावसाळ्यात वाहून येतात तेच. तिथे मुख्यतः उन्हाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतात, तुमच्या हंगामात क्वचित. चावलाच तर चिकटलेले धागे काढायचे, समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवायचा. व्हिनेगर लावू नका, तो वेगळ्या, उत्तरेकडच्या जेलीफिशचा उपाय आहे.

आणि कातळाच्या कपारीत हात घालू नका. निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस त्या किनाऱ्यावर असतो, त्याच्या विषावर उतारा नाही.

टाकीवाला

बोळे यादीत घेतले. शेवटचं: गुरुवारी तलाव बंद तर त्या दिवशी कुठे?

रापण

बॉन्डायहून कूजीपर्यंत समुद्रकाठाने सुमारे सहा किलोमीटरची पायवाट आहे, ती आइसबर्ग्जच्या दाराशीच सुरू होते. पाऊण तास चाललात की ब्राँटी. तिथला तलाव १८८७ चा, फुकट आणि दिवसरात्र उघडा, पण त्यात लाटा जास्त येतात. पुढे कूजीला वायलीज बाथ्स, १९०७ चं, लाकडी फळ्यांचं, तिकीट आहे. वहिनींसाठी त्याच्या जवळच मॅकआयव्हर्स, फक्त बायकांचं आणि लहान मुलांचं. पुरुषांना मज्जाव असल्याने भेदभावविरोधी कायद्यातून १९९५ मध्ये त्याला खास सूट दिली गेली.

जंक्शनहून बॉन्डायला ३३३ नंबरची बस. रविवारी गाडी नेऊ नका, जागा शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात पोहणं उरकेल. आणि थर्मास मोठा घ्या, दोघांचा आहे.